मुबीनच्या नावाने चालू असलेलं

घुटकाळा, चंद्रपूर
२० ऑक्टोबर २००३

प्रिय हेमराज,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. अम्मीला वाचून दाखवलं. तिने ते हातात घेतलं, घडी घातली आणि परत दिलं.

मुबीन कसा गेला हे तू विचारलं आहेस. भामरागडकडच्या एका आश्रमशाळेत कॉम्प्युटर बसवायला तो गेला होता. परत आला तो ताप घेऊन. या दिवसांत ताप घरोघरी असतोच, म्हणून आम्ही दोन दिवस साध्या गोळ्यांवर काढले. तो हिवताप डोक्यात गेला. सात तारखेला सकाळी सगळं संपलं. यापुढे लिहिण्यासारखं काही नाही.

तुझे वडील गुणवंतराव सिंदेवाहीहून येऊन गेले. सोबत लवकर निघणाऱ्या हलक्या धानाचे नवे तांदूळ आणले होते. अम्मीजवळ बसले, पाणी प्यायले, उठताना एवढंच म्हणाले, "हेमराजले खबर उशिरा भेटली, बाई. त्याच्यावर राग नोका धरू." मी राग धरलेला नाही. माझा भाऊ आणि तू पॉलिटेक्निकपासून सोबत होतात, हा कॉम्प्युटरचा क्लास तुम्ही दोघांनी काढला, हे मी विसरलेलो नाही. नंतर तू नोकरीसाठी हैदराबादला गेलास, तेही बरोबरच होतं.

आता कामाचं लिहितो. क्लास मी बंद करणार आहे. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान सांभाळून मला ते जमणार नाही, आणि मला त्यातलं कळतही नाही. छोटी मशीनं विकली जातील. प्रश्न आहे तो मुबीनच्या खोलीतल्या मोठ्या मशीनचा, ज्याला बाकी सगळी जोडलेली आहेत. ते नवाब घेतो म्हणतो. त्याचं जुन्या सामानाचं दुकान आहे, तुला माहीत असेल.

ते मशीन मुबीन भामरागडला गेला तेव्हापासून चालूच आहे. आमच्या घरची रीत अशी की, माणूस गेला की त्याच्या खोलीतला दिवा चाळिसाव्या दिवसापर्यंत विझू द्यायचा नाही. खोलीतला बल्ब उडाला तेव्हा मी बदलणार होतो. अम्मी म्हणाली, राहू दे, त्याच्या मशीनचा हिरवा दिवा आहे ना, तोच त्याचा दिवा. म्हणून मी दुकानातली बॅटरी आणि इन्व्हर्टर आणून जोडला. लाइट गेली तरी मशीन बंद पडत नाही.

त्या मशीनमध्ये काहीतरी गडबड आहे. पडद्यावर मुबीनचंच नाव उघडं आहे, त्याने लावून ठेवलं तसंच. गेल्या आठवड्यात जागा संपल्याचा मजकूर यायला लागला. क्लासमध्ये शिकवते ती उर्वशी, तिला सोबत घेऊन मी सर्वांत मोठी फाइल शोधली. नाव होतं 'टेस्ट'. म्हणजे चाचणीची, म्हणून काढून टाकली. पण जागा तेवढीच. तसूभरही वाढली नाही. शिवाय मशीनचा स्पीकर मुका झाला आहे. मी उघडून पाहिला, कॉइल चांगली आहे, तारा चांगल्या आहेत. दुसऱ्या मशीनवर लावून बघावं तर त्यातल्या एकालाही आवाजाचं कार्ड नाही.

मग उर्वशीने एक कमांड देऊन मशीनमध्ये चालू असलेल्या कामांची यादी काढली. त्यात एक काम मुबीनच्या नावाने आहे. कामाचं नाव असं की त्यावरून काही बोध होत नाही. मी पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या, पुन्हा यादी काढली, तरी ते आहेच.

माझ्या भावाच्या नावाने ते काम कोण चालवतं, हे मला कळव. फोन करू नकोस. दुकानात माणसं असतात, मला बोलता येत नाही.

तुझा,
अकरम


हैदराबाद
२७ ऑक्टोबर २००३

आदरणीय अकरमभाई यांस,
सलाम.

तुमचं पत्र आज मिळालं आणि आजच लिहितो आहे.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. खिडकी बंद केली म्हणजे काम बंद झालं असं या मशीनमध्ये होत नाही. खिडकी ही फक्त आत डोकावायची जागा आहे. आत लावलेलं काम खिडकी मिटल्यावरही चालू राहू शकतं. मुबीन आणि मी तसंच करायचो. संध्याकाळी काम लावायचं, खिडकी मिटून घरी जायचं, सकाळी पुन्हा तीच खिडकी उघडायची. तेव्हा त्याच्या नावाचं काम यादीत दिसतं म्हणून कोणी दुसरा ते करतो आहे असं समजू नका. बहुतेक त्यानेच लावलेलं असेल.

आता माझी विनंती. मशीन बंद करू नका. चाळिसावा झाला तरी करू नका. त्या कामाला हात लावू नका, दुसरी कुठलीही फाइल काढू नका, आणि नवाबला इतक्यात शब्द देऊ नका. बॅटरीत पाणी आहे ना तेवढं बघा.

मला दोन गोष्टी कळवा. 'टेस्ट' नावाची जी फाइल तुम्ही काढली, ती मुबीनच्या कोणत्या फोल्डरमध्ये होती? आणि यादीत त्या कामाच्या ओळीत एक इंग्रजी अक्षर एकटंच लिहिलेलं असतं, ते कोणतं आहे?

असं का विचारतो ते आत्ता लिहीत नाही. माझीच खात्री झालेली नाही.

अम्मींना माझा नमस्कार सांगा. दिवाळीला गावी आलो नाही. यायची इच्छा झाली नाही.

तुमचा,
हेमराज


घुटकाळा, चंद्रपूर
३ नोव्हेंबर २००३

प्रिय हेमराज,

फाइल 'आवाज' नावाच्या फोल्डरमध्ये होती. त्यात दुसरं काहीही नव्हतं. ओळीतलं अक्षर 'टी' आहे.

तू विचारलंस ते मी सांगितलं. आता मी विचारतो.

गुरुवारी उर्वशी मशीनवर बसली होती. आत कोण कोण आहे हे दाखवणारी एक कमांड असते, ती तिने सहज दिली. दोन नावं आली. एक मुबीनचं, जे कायम दिसतं. दुसरं तुझं. तू हैदराबादेत बसून फोनच्या तारेतून आमच्या घरातल्या मशीनमध्ये आलेला होतास. थोड्या वेळाने तुझं नाव गेलं. शुक्रवारी पुन्हा आलं. तुझं येणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, मशीन तुम्ही दोघांनी उभं केलं. पण तुझ्या पत्रात याचा एक शब्द नव्हता. मला हात लावू नका म्हणतोस आणि स्वतः आत येतोस.

दुसरी गोष्ट लिहिताना मला बरं वाटत नाही. शनिवारी पोस्टमनने एक पाकीट दिलं, कहकशाँच्या, मुबीनच्या बायकोच्या, नावाचं. अक्षर तुझं. मुबीन गेल्यापासून ती इद्दतमध्ये आहे, चार महिने दहा दिवस बाहेरच्या पुरुषासमोर येत नाही, हे तुला सांगायची गरज नसावी. तू आमच्या घरी वर्षानुवर्षं जेवला आहेस, आमच्या रीती तुला माहीत आहेत. मी पाकीट उघडलं नाही. आत पाठवलं. तिने वाचलं असेल. मी अम्मीकरवी विचारलं की हेमराजने काय लिहिलं. निरोप आला की काही विशेष नाही. विशेष नसेल तर घरातल्या कर्त्या माणसाला सोडून तिला कशाला लिहायचं?

नवाब रोज दुकानात येऊन बसतो. काल एक गिऱ्हाईक मूल गावाहून जळालेली मोटार घेऊन आलं होतं, त्याच्यासमोरच म्हणाला, "काऊन भाई, मशीनमधी भूत पोसून राह्यला का? मेलेल्याच्या नावावर कोनीतरी धंदा करून राह्यला, आन् तू त्याले बॅटरी पुरवून राह्यला." गिऱ्हाईक हसलं. मी मोटार उघडायला घेतली. नवाबला मशीन स्वस्तात हवं आहे, हे मला कळतं. पण त्याने जे विचारलं ते मीही स्वतःला विचारतो.

मुबीनने काही बनवलं होतं का, जे तुला पाहिजे आहे? असेल तर सरळ सांग. मी अडवणार नाही.

रोजे सुरू आहेत. अम्मीने या वर्षी एकही सोडलेला नाही.

अकरम


हैदराबाद
८ नोव्हेंबर २००३

आदरणीय अकरमभाई,

हो, मी आत आलो होतो. पत्रात आधी लिहायला हवं होतं. मी काही घेतलं नाही आणि घेऊ शकतही नाही. माझ्या नावाने आलो तर मला मुबीनच्या गोष्टी दुरून दिसतात, उघडता येत नाहीत. ते मशीन तसंच बांधलेलं आहे, आणि ते बांधणारा तोच होता.

वहिनींना पत्र लिहिलं ती माझी चूक. इद्दतचं मला माहीत होतं. तरी लिहिलं, कारण जे विचारायचं होतं ते तुम्हाला विचारायचं नव्हतं. त्यांनी तुम्हाला काही सांगितलं नसेल तर त्यांचा दोष नाही. मीच तशी विनंती केली होती.

हे वाचून तुम्हाला आणखी राग येईल, हे मला कळतं. मुबीनने बनवलेलं काहीही मला नको आहे. मी महिनाअखेरीस रजा मिळाली की येतो, आणि समोर बसून सगळं सांगतो. साहेबांनी त्याआधी सोडायला नकार दिला आहे. तोपर्यंत फक्त एवढंच करा की मशीन चालू राहू द्या आणि त्या कामाला हात लावू नका.

तुम्ही मोटारी बांधता. एखादी मोटार उघडल्यावर ती दुरुस्त होईल की नाही हे कळायच्या आधी तुम्ही गिऱ्हाइकाला आशा दाखवत नाही, हे मी तुमच्या दुकानात बसून पाहिलं आहे. माझंही आत्ता तसंच आहे, असं समजा.

तुमचा,
हेमराज


घुटकाळा, चंद्रपूर
१५ नोव्हेंबर २००३

श्री. हेमराज यांस,

तुमचं पत्र मिळालं. त्यात उत्तर नव्हतं.

बुधवारी तुमचं नाव पुन्हा मशीनमध्ये दिसलं. या वेळी उर्वशीने तुमचं फोल्डर उघडून पाहिलं. ते रिकामं होत होतं. तिच्या डोळ्यांदेखत एकामागून एक फाइल जात होती. क्लासचे सगळे प्रोग्रॅम, तुम्ही दोघांनी राइस मिलसाठी केलेलं काम, तुमचं जे जे होतं ते. शेवटी काही उरलं नाही. उर्वशी मला दुकानात बोलवायला आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, "भाऊ, हेमराज सरांनी आपलं सारंच पुसून टाकलं. काऊन पुसलं असंन?"

माणूस आपल्या खुणा का पुसतो, हे मला कोणी समजावून सांगायला नको. मी त्याच वेळी फोनची तार भिंतीतून काढली. आता तुम्हाला आत येता येणार नाही.

मग मी ते काम बंद करायला बसलो. काम मारायची कमांड उर्वशीला येते. त्या कामाचा नंबर टाकून मी ती स्वतःच्या हाताने दिली. पडद्यावर काही आलं नाही. यादी काढली तर ते तिथेच, तेच अक्षर घेऊन. पुन्हा दिली. पुन्हा तेच. मारूनही न मरणारं काम तुम्ही माझ्या भावाच्या नावाने आमच्या घरात ठेवलं आहे. उर्वशी म्हणाली की त्याच कमांडला नऊचा आकडा जोडला तर कोणतंही काम वाचत नाही. मी तो जोडला नाही. समोर मुबीनचं नाव होतं, माझा हात धजला नाही. पण त्याचा अर्थ मी थांबून राहीन असा घेऊ नका.

उद्या चाळिसावा आहे. त्यानंतर दिवा ठेवायचं कारण राहत नाही. तुमचं पत्र यायला चार दिवस लागतात म्हणून मी शनिवार, बावीस तारखेपर्यंत थांबेन. शनिवारी सकाळी नवाब ऑटो घेऊन येईल. मी मशीनची तार काढून ते त्याला देईन. आत जे काय असेल ते त्याच्याबरोबर जाईल.

तुमचे वडील चांगले आहेत. त्यांना मी यातलं काही कळवलेलं नाही.

अकरम शेख


हैदराबाद
१८ नोव्हेंबर २००३
(स्पीड पोस्टाने)

अकरमभाई,

तार काढू नका. आधी हे पूर्ण वाचा.

त्या कामात मुबीनचा आवाज आहे.

भामरागडला जायच्या आधी त्याने एक धडा बोलून ठेवला होता. मला त्याने फोनवर सांगितलं होतं. जिवतीकडून, सिंदेवाहीकडून जी पोरं क्लासला येतात, त्यांना इंग्रजी पुस्तकातलं कळत नाही, म्हणून आपल्या बोलीत मशीनचे धडे बोलून ठेवायचे आणि त्यांना ऐकवायचे, असा त्याचा विचार होता. हा पहिलाच धडा होता. काम पूर्ण होईपर्यंत तो प्रत्येक फाइलला 'टेस्ट' हेच नाव द्यायचा. मी त्याला त्यावरून किती चिडवलं असेल.

तो धडा तो ऐकत बसला असावा. मध्ये कोणी बोलावलं, किंवा गाडी आली, आणि त्याने दोन बटणं दाबून ते ऐकणं होतं तिथे थांबवलं. परत येऊन पुढे ऐकू म्हणून. 'टी' हे अक्षर थांबलेल्या कामाचं आहे. ते चालू नाही आणि मेलेलंही नाही. तो परत येऊन पुढे चालवेल म्हणून जागच्या जागी उभं आहे.

नंतर ती फाइल निघाली. कोणाच्या हातून निघाली याला अर्थ नाही, 'टेस्ट' नाव पाहून मीही काढली असती. पण या मशीनचा एक नियम आहे. एखादं काम फाइल हातात धरून बसलं असेल, तर नाव पुसलं तरी फाइल जात नाही. ते काम जिवंत आहे तोवर ती असते. म्हणूनच तुम्हाला जागा वाढलेली दिसली नाही. स्पीकर मुका झाला तोही याच कामाने, कारण आवाजाची वाट त्याने धरून ठेवली आहे. तुम्ही कॉइल तपासली, ती चांगलीच असणार.

मशीन बंद झालं असतं तर ते काम संपलं असतं, आणि त्याबरोबर आवाज गेला असता. अम्मींनी दिवा ठेवायला सांगितलं म्हणून तो राहिला.

तुमचं पहिलं पत्र वाचल्यावर मला शंका आली. 'आवाज' फोल्डर आणि 'टी' हे अक्षर कळलं तेव्हा ती पक्की झाली. पण तो वाचवता येईल की नाही हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला लिहायचं काय? की तुमच्या भावाचा आवाज होता, तुमच्या हातून पुसला गेला, आणि आता मिळेल की नाही सांगता येत नाही? ते मला लिहिता आलं नाही. वहिनींना मी मुबीनचा पासवर्ड विचारला, म्हणजे इथूनच काम झालं असतं आणि तुम्हाला फक्त आवाज मिळाला असता. त्यांना तो माहीत नव्हता. कशासाठी पाहिजे हे मी त्यांना लिहिलं होतं. इतके दिवस त्यांनी ते मनात ठेवलं.

माझं फोल्डर मी पुसलं, कारण आवाज दुसरीकडे उतरवून घ्यायला जागा लागते आणि मशीनमध्ये जागा नव्हती. तिथे माझ्या मालकीचं तेवढंच होतं. ते पुन्हा करता येईल.

तुम्ही मारायची कमांड दिली तरी काम मेलं नाही, त्याचं कारण ऐका. थांबलेल्या कामाला तो हुकूम ऐकू जात नाही. हुकूम त्याच्या दाराशी उभा राहतो. काम ज्या क्षणी पुन्हा चालू होईल, त्या क्षणी तो त्याला लागू होईल आणि ते संपेल. मुबीनने जिथे थांबवलं तिथून पुढे आता ते चालणार नाही. नऊचा आकडा जोडला असता तर तेव्हाच सगळं गेलं असतं. तुम्ही जोडला नाही.

मी येईपर्यंत थांबा असं म्हणणार होतो. आता म्हणत नाही. तुम्हीच करा, उर्वशीला जवळ बसवून. मुबीनचं नाव तुमच्यासमोर उघडं आहे, त्यामुळे जे मला इथून करता येत नाही ते तुम्हाला येईल. कमांडा वेगळ्या कागदावर इंग्रजीत लिहिल्या आहेत. पहिल्या कमांडने त्या कामाच्या हातातली फाइल दुसऱ्या नावाने उतरेल. तिचा आकार उर्वशीकडून तपासून घ्या. धडा किती मिनिटांचा आहे हे मुबीनने फोनवर सांगितलं होतं, त्यावरून तो साधारण किती असायला हवा ते लिहिलं आहे. जुळला, तर दुसरी कमांड. ती थांबलेलं काम चालू करेल, म्हणजे ते संपेल. ते संपल्याशिवाय स्पीकर सुटणार नाही, आणि उतरवलेला आवाज ऐकू येणार नाही. आधी ऐकून खात्री करायची सोय नाही. माझ्या कागदावर विश्वास ठेवून ते संपवावं लागेल.

हे तुमच्यावर सोडतो.

हेमराज


घुटकाळा, चंद्रपूर
२९ नोव्हेंबर २००३

प्रिय हेमराज,

तुझं पत्र मागच्या शुक्रवारी आलं. मी ते दुकानात उभ्यानेच वाचलं, मग शटर अर्धं ओढून बसून वाचलं. खरं सांगतो, माझा विश्वास बसला नाही. वाटलं, याला दुसरी कमांड माझ्या हाताने द्यायची आहे, म्हणजे जे काय आहे ते संपेल आणि नाव माझं होईल. आवाजाचं नाव सांगितलं की मी काहीही करेन, हे याला माहीत आहे, असं वाटलं. एवढा मी तुझ्यापासून लांब गेलो होतो.

घरी आलो तेव्हा कहकशाँ दाराआड उभी होती. मुबीन गेल्यापासून ती माझ्याशी थेट बोललेली नव्हती. मी अम्मीला म्हटलं की हेमराज असं असं लिहितो. अम्मी काही म्हणायच्या आत दाराआडून आवाज आला, "सच है, भाईजान. मेरे सामने बोले थे वो, टेबल पर माइक रख के. पंखा भी बंद करवाया था." नंतर तिने सांगितलं की तुझं पत्र आल्यापासून रोज ती त्या खोलीत जाऊन हिरवा दिवा बघून यायची. मी मशीन विकायचं बोलायचो तेव्हा ती अम्मीला सांगायची की नको. अम्मीला वाटायचं हिला खोली सुटत नाही. आमच्याकडे त्याचं बोलणं कशातच नाही. लग्नाच्या कॅसेटवर व्हिडिओवाल्याने सगळीकडे गाणी भरली आहेत, त्याचे नुसते ओठ हलतात.

शनिवारी नवाब ऑटो घेऊन आला. दोरीसुद्धा आणली होती. मी म्हटलं, मशीन देणार नाही. तो म्हणाला, "जबान देल्ली होती तुनं." मी म्हटलं, हो, दिली होती. तो बराच वेळ बोलत राहिला, मी ऐकून घेतलं.

पण तुझ्या कमांडा मी लगेच दिल्या नाहीत. ईद होऊ दिली. न जाणो काही चुकलं, तर अम्मीला ईद तरी धड जावी. काल दुपारी उर्वशीला बोलावलं. अम्मी पलंगावर बसली, कहकशाँ दाराआड. पहिली कमांड मी एकेक अक्षर बघून टाकली. मशीन बराच वेळ गप्प राहिलं. मग फाइल आली. उर्वशीने आकार बघितला, तुझ्या कागदाशी ताडून पाहिला, जुळला. मी तिला पुन्हा बघायला लावलं. मग तिसऱ्यांदा मीच बघितला.

दुसरी कमांड दोनच अक्षरांची आहे. ती मला जमेना. मी मोटारी बांधतो, हेमराज. कितीतरी जळालेली वाइंडिंग मी कापून टाकली असेल. पण कापायच्या आधी मी फेरे मोजतो, कारण एकदा कापलं की जुनं काय होतं ते कोणाला विचारता येत नाही. इथे मोजायला काही नव्हतं. फक्त तुझा कागद होता. उर्वशी म्हणाली, "भाऊ, मी दाबू का?" मी नाही म्हटलं. ज्याने हुकूम दिला त्यानेच दार उघडायला पाहिजे होतं. मी दाबलं.

एक ओळ आली, काम संपल्याची. उर्वशीने यादी काढली. मुबीनच्या नावाने त्यात काही नव्हतं. स्पीकरमध्ये टक्क झालं, बस. तेवढ्या वेळात मी तुझ्याबद्दल पुन्हा एकदा वाईट विचार केला. तोही तुला सांगून टाकतो.

मग उर्वशीने उतरवलेली फाइल लावली.

आधी खोकला आला, त्याचाच. मग म्हणाला, "हं, आयका आता." तू म्हणालास तसंच, आपल्या बोलीत बोलला आहे. "समजा तू चुलीवर भाताचा गंज ठेवला, आन् सैपाकघराचं दार लावून आंगनात येऊन बसला. मंग भात शिजाचा थांबला का? नाई ना. तसंच हाये हे. खिडकी बंद केली मनून काम बंद होत नाई, बाबू. आत चालूच रायते." उर्वशी तोंडाला पदर लावून हसायला लागली, मग रडायला लागली.

तो बराच वेळ बोलला आहे. सगळं मला समजलं नाही. कुठलं काम पुढे आणायचं, कुठलं मागे ठेवायचं, असं काहीतरी. मध्येच लांबून एक आवाज येतो. तो माझा आहे. मी जेवायला हाक मारतो आहे, आणि सुरात राग आहे. त्या दिवशी मी चिडलो होतो की सगळे ताटावर बसले आणि हा खोलीत एकटाच बडबडतो आहे. त्यावर तो माइकपासून तोंड वळवून म्हणतो, "आया भाई, दो मिनट." आणि पुन्हा धडा सुरू करतो.

ते ऐकलं आणि अम्मी पलंगावरून उठली. सवयीने उठली. पदर खोचला आणि ताट मांडायला आत गेली. आतून तिने भांडं काढल्याचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला. उर्वशीने माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. आम्ही कोणी तिला थांबवलं नाही.

तू महिनाअखेरीस येणार होतास. ये. फोनची तार मी पुन्हा भिंतीत लावली आहे.

तुझा,
अकरम